हात जागेवर ठेवणारा माणूस

माणसाची खरी ओळख कपाळावर नसते, तळहातावर असते, हा सिद्धान्त ज्यांनी एकट्याने मांडला आणि जन्मभर पाळला ते थोर विचारवंत म्हणजे माझे सासरे. हे विचारवंत साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांचं वजन करत आणि त्यांच्या संपूर्ण तत्त्वज्ञानाचा आधार बाभळीच्या लाकडाचा एक भोवरा होता. तो सदऱ्याच्या खिशात असे. खिशाला भोक पडलं की सासूबाई ठिगळ लावत. भोवरा दुसरीकडे ठेवावा, असं त्या घरात कधी कुणी सुचवलं नाही.

मी मुलगी पाहायला दौंडहून वडगाव रासाईला गेलो, तेव्हा त्यांनी मला पगार विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. पोहे संपता संपता म्हणाले, "पाव्हणं, हात करा पुढं." भविष्य बघत असतील असं समजून मी हात पुढे केला. त्यांनी भोवऱ्याला जाळी, म्हणजे दोरी, गुंडाळली, भोवरा हवेत सोडला, हिसका दिला आणि जमिनीला टेकू न देता तो स्वतःच्या तळहातावर घेतला. याला हातजाळी म्हणतात. मग फिरता भोवरा त्यांनी अलगद माझ्या हातावर उतरवला. त्याची खालची लोखंडी आर तळहाताला चावली आणि मी हात काढून घेतला. भोवरा माझ्या पोह्यांच्या ताटलीत पडला आणि तिथेही बराच वेळ फिरत राहिला. आतल्या खोलीत कुणीतरी खुदकन हसलं. लग्न तिच्याशीच झालं.

पण निकाल लागला तो लागलाच. पुढची सव्वीस वर्षं सासऱ्यांनी माझी ओळख एकाच वाक्यात करून दिली, "हे आमचे जावई. माणूस चांगलाय, पन हात काढून घेत्यात." हे वाक्य मी लग्नात, बारशात, शिक्रापूरच्या चौकात ट्रक अडवून थांबवलेल्या त्यांच्या मित्रासमोर आणि एकदा दवाखान्यात सलाईन लावलेल्या अवस्थेत ऐकलं. मी ग्रंथपाल आहे. हजारो पुस्तकं मी हाताळली, त्यांतलं एकही मला चावलं नव्हतं. पण हे सांगून उपयोग नव्हता.

शेवटी गेल्या उन्हाळ्यात मी गच्चीवर गुपचूप सराव सुरू केला. शेजाऱ्यांच्या सोलरची काचेची नळी फुटली आणि गुपित बायकोपर्यंत गेलं. ती वर आली, माझ्या हातातून जाळी घेतली आणि पहिल्याच फेकीत भोवरा हातावर घेऊन उभी राहिली. सव्वीस वर्षांत हे ती बोलली नव्हती. "तुम्ही विचारलं कुठं?" म्हणाली. मग तीच शिकवू लागली, "अहो, डोळे कशाला मिटताय? धरायला जाऊ नका त्याला, येऊ द्या. आला की हात जरासा खाली न्यायचा." दिवाळीपर्यंत माझ्या तळहाताला घट्टा पडला आणि दहातले चार भोवरे टिकू लागले. त्याच दिवाळीत आम्हाला कळलं की सासऱ्यांना मोतीबिंदू झालाय आणि त्यांना स्वतःच्या भोवऱ्याची जाळी दिसत नाही. हे गावात कुणाला सांगायचं नाही, अशी त्यांनी आम्हाला शपथ घातली.

आणि यात्रेत तरुण मंडळानं त्यांचा सत्कार ठेवला. पाहुण्या पुढाऱ्यांच्या भाषणात संस्कृतीचा उल्लेख अकरा वेळा झाला आणि भोवऱ्याचा एकदा, तोही 'भोवरे वगैरे' असा. आपल्याकडे ज्याच्या हाताचं कौतुक करायचं, त्याचे हात आधी अडकवतात. एका हातात नारळ, दुसऱ्यात गुच्छ, खांद्यावर निसटणारी शाल आणि भुवयांपर्यंत उतरलेला फेटा, अशा थाटात सासरे उभे असताना निवेदक ओरडला, "आता आबा प्रात्यक्षिक दाखवतील!"

सासरे शांतपणे म्हणाले, "माझं हात गुतल्यात. आमचं पाव्हणं दाखवत्याल."

माझ्या सरावाची त्यांना काहीच कल्पना नव्हती. अब्रू कुणाच्या तरी हातून जाणारच होती. त्यांनी निदान हात घरचा निवडला. मी जवळ गेलो. नारळ माझ्याकडे देऊन त्यांनी खिशातला भोवरा काढला आणि कानाशी कुजबुजले, "न्हाई जमलं तर जाळी तुटली म्हना."

बायकांच्या घोळक्यातून ओळखीचा आवाज आला, "डोळे उघडे ठेवा!"

नारळ निवेदकाच्या हातात देऊन मी भोवरा फेकला, हिसका दिला. तो परत आला, आर चावली, हात खाली गेला, पण तिथेच राहिला. गाव ओरडलं. सासऱ्यांना नेमकं काय झालं ते दिसलं नव्हतं. ते वाकले, फेटा सावरत कान माझ्या तळहाताजवळ आणला आणि ती बारीक गुणगुण भोवरा कलंडेपर्यंत ऐकत राहिले. मग सरळ होऊन माइकमध्ये म्हणाले, "हाय. हात जाग्यावर हाय."

एवढा मान मला नोकरीत कधी मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून ऑपरेशनला तयार झाले. भोवरा आता माझ्या खिशात असतो.

हल्ली ते माझी ओळख करून देताना "हे आमचे जावई, माणूस चांगलाय" म्हणतात आणि थांबतात. ऐकणारे पुढच्या शब्दाची वाट बघत तसेच उभे राहतात.