पंडितांचं घर आणि सगळ्यांचं घर

बीग्योकला वाचता येत नव्हतं, पण दोन पाट्या ती न चुकता रंगवायची. एक ‘पंडितांचं घर’, दुसरी ‘सगळ्यांचं घर’. तेवढी अक्षरं तिला भावानं, बुनतेकनं, वाळूत काठीनं गिरवून शिकवली होती.

तैवानच्या त्या बंदरात चांद्र वर्षाच्या सातव्या महिन्यात भुतांना वाट मोकळी होते, तेव्हा देवळापुढं त्यांच्यासाठी कागदाची घरं उभी राहतात. कामट्या, खळ, रंगीत कागद. तीस वर्षं ते काम तिचंच. मधोमध निळ्या तोंडाचा, आगीच्या जिभेचा कागदी भूतराज. त्याच्या वचकाशिवाय कुणी भूत रांगेत जेवत नाही. एका हाताला पंडितांचं घर: परीक्षा पास झालेली, हुद्द्यावरची भुतं. दुसऱ्या हाताला बाकी सगळी: बुडालेली, फास घेतलेली, मागं कुणी नसलेली. पुरोहितांच्या पोथीत तशीच विभागणी, आणि बीग्योकला ती मान्यही होती. फक्त बुनतेक चुकीच्या घरात होता.

कोळ्यांच्या सगळ्या गल्लीची पत्रं त्यानं लिहून दिली. मास्तरकीच्या परीक्षेत दोनदा नापास झाला, मग मासेमारीला गेला आणि होडी परत आलीच नाही. तेव्हापासून त्याच्या नावाची चिठ्ठी सगळ्यांच्या घरात चिकटायची.

या वर्षी ती गल्लीत घरोघरी जपलेल्या त्या पत्रांच्या नकलांचं गाठोडं घेऊन देवळाच्या अध्यक्षांकडे, सियांकडे गेली.

“बघा अध्यक्षसाहेब. हे सगळं त्याच्या हातचं.”

“अक्षर सुरेख आहे हो. पण दाखला?”

“दाखला आता समुद्रात शोधू का?”

“चिडू नका, बीग्योकताई. आज तुमचा भाऊ घेतला तर उद्या अख्खी गल्ली येईल. तिकडं भुतांत भांडणं लागली की निस्तरायची गावानं!”

“आणि तुमचे वडील पंडितांच्या घरात कसे? जन्मभर डुकरं विकली त्यांनी.”

“ते शाळेच्या कमिटीवर होते,” म्हणत सियांनी गाठोडं तिच्याकडे सरकवलं.

ती तणतणत घरी आली. त्या घराची एकेक खिडकी कापायची हिनं, आणि आत कोण बसणार ते ठरवणार हे! कामटी वाकवताना मोडली. दुसरीही मोडली.

तेवढ्यात शेजारची तिओकाकू आपलं पत्र परत न्यायला आली. सगळं ऐकून म्हणाली, “बरं झालं.”

“काय बरं झालं, काकू?”

“अगं, माझा म्हातारा सगळ्यांच्याच घरात आहे ना! त्याला सहीसुद्धा येत नव्हती. बुनतेक तिकडं वर जाऊन बसला तर आमच्या माणसांनी कुणाच्या तोंडाकडं बघायचं?”

“म्हणजे मेल्यावरही तुमची पत्रंच खरडायची का त्यानं?”

“कंटाळला असता तर एवढी लिहिली असती का?”

बीग्योक आणखीच चिडली. काकू गेल्यावर तिनं दोन बोटं उंचीचं कागदी टेबल केलं, पाय वाकडा झाला म्हणून फाडलं, पुन्हा केलं. वर काडीएवढी लेखणी. उजेड यावा म्हणून ते सगळ्यांच्या घरात खिडकीजवळ ठेवलं आणि टेबलाच्या बरोबर वर बुनतेकची चिठ्ठी चिकटवली.

सकाळी सियांनी वाकून पाहिलं. “हे काय आणि?”

“टेबल आहे. याला पण दाखला लागतो का?”

ते पुढं गेले. भूतराजाच्या मुकुटात दयाळू देवी क्वानयिनची इवलीशी मूर्ती तिनंच बसवली होती. तिला हात जोडून बीग्योक पुटपुटली, “राहू दे या वर्षी. पण आई, पुढच्या वर्षी मी परत विचारणार आहे.”