आत्याच्या मांडीवरचं व्हायोलिन

मी व्हायोलिन शिकायला घेतलं तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. ते ऐकूनही बायकोनं होकार दिला, यावरून तिचा स्वभाव कळावा. पण यवतमाळच्या आमच्या दोन खोल्यांत मी ते खांद्यावर घेतलं की शेजारी टीव्हीचा आवाज वाढवायचे. शेवटी दिवाळीच्या सफाईत बायको म्हणाली, "हे कोणाले तरी देऊन टाका."

"अगं, वाजवतो ना मी."

"म्हणूनच म्हणून राह्यली."

मी ते फुलसावंगीला आत्याकडे न्यायचं ठरवलं. एसटीत शेजारच्या माणसानं पेटीवर टिचकी मारून विचारलं, "फवारणीचा नवा पंप हाये का?" मी हो म्हणालो. एकदा चार्ज केल्यावर किती चालतो, असं त्यानं विचारलं. तेही सांगितलं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, अंगणवाडीतून निवृत्त झालेली. लहानपणी ती आजोबांच्या गाण्याच्या पार्टीत बँजो वाजवायची. आमच्याकडे बँजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातानं तार छेडायची. लग्न झालं आणि ते सुटलं. कारण आत्याचा नवरा, म्हणजे आमचे मामाजी, स्वतःच गायक निघाले, आणि एका घरात एकच कलावंत पुरे, असं त्यांचं मत होतं.

मामाजी दरवर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला गातात. आवाज दणदणीत. फक्त तो एका जागी थांबत नाही. कडवं महागावात सुरू होतं आणि पुसदला संपतं. पार्टीचा बँजोवाला बटणं बरोबर दाबायचा, त्यामुळे गाणं कुठे आहे आणि मामाजी कुठे आहेत, हे सगळ्या गावाला कळायचं. तो बिचारा मुलाकडे पुण्याला राहायला गेला. मुलाच्या प्रेमानं गेला असं मामाजी सांगत. बाकीचे काही सांगत नसत.

आत्यानं व्हायोलिन हनुवटीखाली धरून पाहिलं. पण आत्याला मान जवळजवळ नाहीच, डोकं संपतं तिथे खांदे सुरू होतात. वाद्य दोनदा घसरलं. मग ती खाली मांडी घालून बसली, व्हायोलिन मांडीवर उभं केलं आणि गज आडवा फिरवला.

"आत्या, असं नाही धरत."

"कोन म्हनते?"

पुरावा म्हणून मी मोबाइल काढला आणि तिथेच फसलो. मोरोक्कोतले म्हातारे व्हायोलिन मांडीवर उभं धरून मजेत वाजवत होते. आपल्या दक्षिणेतले वादक खाली बसून त्याचं टोक पायावर टेकवत होते. चीनमधल्या एका वाद्याच्या दोन तारांमध्ये गज कायमचा अडकवलेला होता. आफ्रिकेतला एक जण भलामोठा भोपळा पोटाशी धरून दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी तारा छेडत होता. सारंगीवाला तर तारेला बोटाच्या टोकानं शिवतच नव्हता, नखाच्या बुडानं दाबत होता.

आत्यानं सगळं शांतपणे पाहिलं. "ज्याले जसं जमते तसं धरते," ती म्हणाली. "तूच येकटा कायले मान वाकडी करून घेतली?"

तिनं रोज सराव केला. महिन्याभरानं फोन आला. "याले बटनं नाईत ना, हे लई चांगलं हाये. बोट कुठंबी सरकते. मामाजी घसरले का मीबी घसरते."

बँजोवाल्याची जागा रिकामीच होती, म्हणून मामाजींनी तिला पार्टीत मागे बसू दिलं. आणि खरंच, विहारात तालीम झाली तेव्हा मामाजी जन्मात पहिल्यांदा सुरात वाटले. ते जिकडे जात, तिकडे आत्याचं बोट त्यांच्या मागे जाई. मामाजींना वाटलं, हा ज्येष्ठमधाचा गुण. ते इतरांना आवाज कसा राखावा ते सांगू लागले.

जयंतीला महागावात कार्यक्रम होता. मामाजींनी माइकवर ढोलकीवाल्याची ओळख दिली, खंजिरीवाल्याची दिली. मग म्हणाले, "अन् ह्या मांगं बसल्या त्या आमच्या घरच्या. थोडंफार वाजवतात."

आत्या गजाला राळ घासत राहिली.

तिसऱ्या गाण्यात वरच्या ओळीला मामाजी नेहमीप्रमाणे घसरले. आत्या घसरली नाही. तिचं बोट जिथे हवं तिथेच राहिलं. दोघांचे सूर एकमेकांना असे घासले की पुढच्या रांगेतल्या बाईनं कानावर पदर घेतला. मामाजींनी मागे पाहिलं, खाकरले आणि गप्प झाले. ढोलकीवाला शहाणा, तो थांबला नाही. आत्यानं अख्खं कडवं एकटीनं वाजवलं. मध्येच एक तार बिजागरीसारखी करकरली, पण गाणं गाणंच राहिलं. मग टाळ्या सुरू झाल्या, आधी बायकांच्या बाजूनं.

मामाजी माइक घेऊन तिच्या शेजारी खाली बसले. कान देऊन ऐकलं आणि पुढचं कडवं हळू आवाजात म्हणाले, तिच्या सुरात. दणदणाट नसलेला त्यांचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. तो चांगला होता. आत्यानं बाजूला पाहिलं नाही, पण गज हलका केला.

परतताना जीपमध्ये मामाजींनी विचारलं, "तू काहून थांबली तिथंच?"

"थोडंफार वाजवते म्हनले ना तुमी. तेवढंच वाजवलं."

आता पार्टीत आधी आत्या सूर देते, मग मामाजी तोंड उघडतात. मागच्या महिन्यात मी गेलो होतो तेव्हा पुसदहून कार्यक्रमाचं बोलावणं आलं. आत्याचे गुडघे सुजले होते. मामाजी ओसरीत फोनवर म्हणाले, "नाई जमनार. आमच्या घरच्याइले बरं नाई, अन् त्याइच्याशिवाय मले गाता येत नाई."

आतून आत्या म्हणाली, "त्याइले आयकू नाई गेलं असन. जरा जोरानं सांगा."

मामाजींनी जोरानं सांगितलं.