टपरी रेंजला नेली

साउंडबॉक्सचा लाल दिवा काही केल्या हिरवा होईना. मी तो फळीवर ठेवला, टपरीच्या पत्र्यावर ठेवला, हात उंच करून धरला. सिग्नल नाहीच.

"काय झालं गो ताई? बोलत का नाय तो?" हिराबाईंनी विचारलं.

मी एका पेमेंट कंपनीची फील्ड एक्झिक्युटिव्ह. मुरबाड-शहापूर माझ्याकडे. दुकानदारांना QR द्यायचा, साउंडबॉक्स बसवायचा. साउंडबॉक्स म्हणजे पैसे जमा झाले की रक्कम मोठ्याने बोलणारा डबा. त्यात स्वतःचं सिम असतं, म्हणून रेंज लागते. गिऱ्हाइकाच्या फोनलाही लागते.

हिराबाईंचे डोळे साखरेच्या आजाराने गेलेले. सिद्धगडाच्या पायथ्याशी त्यांची चहा-सरबताची टपरी. गिऱ्हाईक म्हणजे गड चढायला येणारी शहरातली पोरं. त्यांच्याकडे रोख नसते. ती QR चा फोटो काढायची, "मावशी, रेंज आली की पाठवतो" म्हणायची आणि निघायची. पाठवले की नाही, हे हिराबाईंना कळायला मार्ग नव्हता.

"असंच चाललं तं टपरी बंद करीन," त्या म्हणाल्या. "मंग पोराकडं भिवंडीला. तिथं मना एक भित पन वळखीची नाय."

बॉसला फोन करायला मी डबा हातात तसाच घेऊन चढ चढून वर माळावर गेले.

"सिग्नल नाही ना? मग साइट रिजेक्ट कर," बॉस म्हणाले. "अजून किती दुकानं बाकी आहेत तुझी!"

"हो सर," म्हणताना सहज हाताकडे बघितलं. डब्याचा दिवा हिरवा झाला होता.

खाली येऊन सांगितलं, तर हिराबाई हसल्या. "टपरी काय टोपली हाय, डोक्यावर घेऊन जायला?"

त्यांचे दीर गणपतभाऊ बाजूलाच बसले होते. ते उठले. "वरचा माळ माझाच हाय. गडाची वाट पन तिथूनच जाते. ताई, तुमी उद्या सकाळी या."

मला वाटलं, टपरी खोलून नेतील. सकाळी पोचले तर खालून बांबू सरकवून दोरांनी टपरी आवळलेली. अख्खी वाडी जमली होती. गणपतभाऊंनी हाक दिली आणि ती टपरी पत्र्यासकट, आतल्या बरण्यांसकट जमिनीवरून उठली.

ती चढ चढू लागली. कुणी ओरडत नव्हतं. फक्त श्वास ऐकू येत होते आणि पायाखालचे खडे घसरत होते. खांद्यांवर बांबू रुतले होते. हिराबाई एक हात फळीवर ठेवून आपल्याच दुकानाबरोबर चालत होत्या. मागून बायका मेखा ठोकत, दोर बांधत येत होत्या. हिराबाईंच्या दारापासून थेट माळापर्यंत, त्यांना रोज एकटीने धरून चढता यावं म्हणून. हे बायकांना कुणी सांगितलं नव्हतं. मी डबा छातीशी धरून नुसती उभी राहिले.

टपरी टेकली. मी डबा लावला, माझ्या फोनवरून एक रुपया पाठवला.

"एक रुपया प्राप्त झाला."

हिराबाईंनी डब्यावर हात ठेवला. "परत बोलव गो त्याला."

टपरी आता जोरात चालते. आमच्या रिपोर्टमध्ये सिग्नल कसा मिळवला ते लिहावं लागतं. सिम बदललं, अँटेना लावला, असे पर्याय असतात. मी 'इतर' वर टिक केली.

तेव्हापासून साइट नाकारण्याआधी मी आजूबाजूच्या चार घरांत विचारून येते.