‘डेटा काय न्हाई’

“गाडी तापतीय, पोरी. दुसरं काय न्हाई,” आप्पा म्हणाले.

गाडी म्हणजे त्यांचा कॉम्प्युटर. मी त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. स्क्रीनवर एक लाल मोटार वळण घेत होती, पण इतकी हळू की रस्त्याकडेची झाडं एकेक करून मोजता आली असती. वीस मिनिटांपूर्वी हीच मोटार भरधाव पळत होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी सर्व्हिस इंजिनिअर होते. माहेर साताऱ्याचं, डिप्लोमा कराडचा, नोकरी सांगलीत. टूलकिटची बॅग लुनाला अडकवायची आणि गावभर हिंडायचं, हे माझं काम. त्या वर्षी एप्रिलचं ऊन असं होतं की लुनाच्या सीटवर रुमाल टाकल्याशिवाय बसवत नव्हतं.

आप्पा एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. मूळचे म्हसवडचे. मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला एका इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचे. खाली हळद पॉलिश करायचा कारखाना. हळकुंडं मोठ्या पिंपात घालून फिरवतात, म्हणजे वरची साल निघून त्यांना चकाकी येते. त्याचा खडखडाट दिवसभर चालू. मुलगा संजय पुण्यात नोकरीला होता. त्यानंच वडिलांना हा कॉम्प्युटर घेऊन दिला होता आणि त्यात मोटारींच्या शर्यतीचा एक गेम टाकला होता. आप्पा रोज दुपारी जेवण झालं की तो खेळायचे.

“वीस मिन्टं झ्याक पळती,” ते म्हणाले. “मग पिकअप सोडती. खंबाटकीच्या घाटात आमची येष्टी करायची, अगदी तसंच. तवा आमी काय करायचो? गाडी कडंला घ्यायची आन् बॉनेट उघडायचं. तू बी उघड की बॉनेट.”

मला हसू आलं. “आप्पा, याला इंजिन नसतं.”

“मग तापतंय काय?”

“तापत नाही. सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे. व्हायरस असेल.”

तेव्हा स्लो झालेल्या मशीनमध्ये दहापैकी आठ वेळा दोष सॉफ्टवेअरचाच निघायचा. तरी मी खालच्या कारखान्यात जाऊन दुकानात फोन केला. आमचे मालक, पाटील सर, फोनवर कधी दोन वाक्यांच्या पुढे जायचे नाहीत.

“सर, गेम खेळताना स्लो होतंय. रीस्टार्ट केलं की थोडा वेळ बरं चालतं.”

“फॉरमॅट मार. पुढचे दोन कॉल थांबलेत.”

फॉरमॅट म्हणजे हार्ड डिस्क कोरी करणं. हार्ड डिस्क हे कॉम्प्युटरचं कपाट. त्यातलं सगळं काढून टाकायचं आणि विंडोज नव्यानं भरायचं. आजारी मशीनवरचा हा आमचा रामबाण उपाय होता.

वर येऊन मी नियमाप्रमाणे विचारलं, “आप्पा, यात डेटा काही आहे का? बॅकअप घ्यायचाय?”

“डेटा काय न्हाई,” आप्पा म्हणाले. “गेम तेवढी हाय, आन् तिची सीडी हाय माज्याजवळ.”

जॉब कार्डावर मी लिहिलं : डेटा नाही. त्याखाली आप्पांची सही घेतली आणि फॉरमॅट सुरू केलं. दीड-दोन तासांत विंडोज भरलं, गेम टाकला, पाच मिनिटं चालवून दाखवला. मोटार भरधाव पळाली. आप्पांनी मला वाटीभर शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. स्वतः केली होती. तिखट लय झालंय म्हणाले. भिंतीवर एका बाईंचा हार घातलेला फोटो होता. मी तो पाहिला, पण विचारलं नाही. पुढच्या कॉलला उशीर झाला होता.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. “परत तेच. वीस मिन्टं, आन् घाट लागला.”

मी गेले. या वेळी शरमेनं का होईना, स्क्रू ड्रायव्हर काढला आणि कॅबिनेटचं झाकण उघडलं.

आत सगळं पिवळं होतं.

प्रोसेसर हा कॉम्प्युटरचा मेंदू. काम करताना तो तापतो. म्हणून त्याच्यावर ॲल्युमिनिअमच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा बसवलेला असतो, त्याला हीट सिंक म्हणतात. त्याच्यावर छोटा पंखा. पंखा वारा घालतो, पात्या उष्णता बाहेर टाकतात. आप्पांच्या मशीनमध्ये त्या पात्यांच्या फटी हळदीच्या पुडीनं चोंदून गेल्या होत्या. पंख्याच्या बेअरिंगमधल्या तेलात हळद बसून त्याचं चिकट लुकण झालं होतं, आणि पंखा अडखळत फिरत होता.

त्यांच्या मदरबोर्डावर एक सोय होती. प्रोसेसर ठरावीक तापमानाच्या वर गेला की बोर्ड आपण होऊन त्याचा वेग कमी करायचा, म्हणजे तो जळत नाही. साधं पत्र टाईप करताना प्रोसेसरला फारसं काम नसतं. गेममध्ये मात्र तो जीव तोडून राबतो. म्हणून फक्त गेममध्येच मशीन स्लो व्हायचं. आप्पांनी पहिल्याच वाक्यात सांगितलेलं निदान शंभर टक्के बरोबर होतं.

“तुम्ही म्हणत होता तेच निघालं,” मी म्हणाले.

आप्पा वाकून आत बघत होते. “एवढी हळद? छबू असताना न्हवतं असं. खाली पिंप फिराया लागलं की ती खिडकी लावून घ्यायची. मशीनवर फडकं टाकायची. दिवाळीच्या आधी ती गेली. माज्या काय ध्यानात ऱ्हात न्हाई.”

तेव्हा मला कळलं, फोटोतल्या बाई कोण ते.

मी पेंटिंगच्या ब्रशनं फटी साफ केल्या. बॅगेत नवा पंखा होता तो बसवला, प्रोसेसरवर नवी पांढरी पेस्ट लावली. उष्णता नीट वर जावी म्हणून ती लावतात. मग आप्पांना खेळायला बसवलं. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मोटार एकदाही रेंगाळली नाही. मी खूश होते. आप्पाही खूश होते. त्यांनी गेम बंद केला, खुर्चीत मागं टेकले आणि म्हणाले, “आता तेवढं छबूचं लाव.”

“काय?”

“छबूचं. हितं कोपऱ्यात कर्ण्याचं चित्र हुतं. त्याच्यावर दोनदा दाबलं की ती बोलायची. परवापासनं दिसंना. तू कुठंशी ठेवलंयस?”

मी स्क्रीनकडे पाहिलं; तिथं फक्त मी परवा भरलेल्या विंडोजची चित्रं होती.

मी हळूहळू विचारून घेतलं. गणपतीत संजय सुट्टीला आला होता. येताना माईक आणला होता. आप्पा गेम खेळत होते आणि छबूकाकू शेजारी लसूण सोलत बसल्या होत्या. संजयनं कॉम्प्युटरवर त्यांचा आवाज रेकॉर्ड केला. एक मिनिटाचा. तेव्हाच्या विंडोजमध्ये रेकॉर्डिंग एका मिनिटाला आपोआप थांबायचं.

“उभ्या जन्मात माज्या गाडीत बसली न्हाई बघ,” आप्पा म्हणाले. “माजी ड्यूटी असली की ही घरी. मग हितं शेजारी बसायची. ‘आवं, ब्रेक लावा की, मागं माणसं बसल्यात’ म्हनायची. मदीच कंडक्टर व्हायची. ‘कराड आलं, कराडवाले उतरा.’ असं समदं हाय त्यात. मी खेळायच्या आदी रोज एकदा ऐकतो.”

मी म्हणाले, “आप्पा, मी तुम्हाला विचारलं होतं. डेटा आहे का म्हणून.”

हे वाक्य मी बोलले. आजही ते मला माझ्याच आवाजात ऐकू येतं.

आप्पा म्हणाले, “व्हय. पर डेटा न्हाई तो. ती छबू हाय.”

ती फाईल त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर असणारच. मी तिच्यावरून नजर फिरवली असेल. मला आठवत नाही, आणि हेच मला जास्त लागतं. एक मिनिटाचा तो आवाज एका फ्लॉपीत मावला असता. माझ्या बॅगेत तेव्हा दहा कोऱ्या फ्लॉप्या होत्या.

मी आप्पांना खरं सांगितलं. की ते पुसलं गेलंय, मी पुसलंय, आणि परत मिळेल की नाही सांगता येत नाही. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. “असं व्हय,” एवढंच म्हणाले आणि उठून त्यांनी खिडकी लावून घेतली.

मी हार्ड डिस्क काढून दुकानात नेली. पाटील सर म्हणाले, “कार्डावर ‘डेटा नाही’ लिहिलंय ना? खाली सही आहे ना?”

“आहे.”

“मग आपली जबाबदारी येत नाही.”

“सर, त्यांना डेटा म्हणजे काय ते माहीत नव्हतं.”

सरांनी ड्रॉवर उघडला. त्यातली दुकानाची किल्ली माझ्यासमोर ठेवली. “रविवारी बंद असतं. बघ प्रयत्न करून.”

फॉरमॅट केल्यावर सगळं त्याच क्षणी नाहीसं होत नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडावी तसं ते असतं. पानं जागेवर असतात, फक्त कुठं काय आहे ते कळत नाही. पण मी तिथंच थांबले नव्हते. त्याच पानांवर मी विंडोज लिहिलं होतं, गेम लिहिला होता. आता आशा एवढीच की काकूंच्या पानांवर नेमकं काही लिहिलं गेलं नसेल.

आवाजाच्या फाईलीच्या सुरुवातीला चार ठरावीक अक्षरं असतात. रविवारी सकाळी मी डिस्क जोडली आणि ती अक्षरं पहिल्या पानापासून शोधायला लागले. एकेक सापडायची. मी ऐकायची. विंडोजची टिंग. विंडोजचीच दुसरी टिंग. मोटारीचं इंजिन, हॉर्न, टायर घासल्याचा आवाज. दुपारी पाटील सर आले. घरून डबा आणला होता. माझ्यापुढं ठेवला आणि शेजारी बसून तेही ऐकू लागले.

चारच्या सुमारास एक तुकडा लागला. खुर्ची सरकल्याचा आवाज. मग एक तरुण आवाज, “आई, बोल की हितं.” मग एका बाईंचं हसू, आणि “काय बोलू रं?”

त्यानंतर नुसती खरखर. छप्पन्न सेकंद खरखर. त्या जागेवर विंडोज बसलं होतं.

आम्ही उरलेली डिस्कही शेवटपर्यंत तपासली. आणखी काही मिळालं नाही. पाटील सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “पुण्याला विचार. मुलाकडे कॉपी असेल.” मी एसटीडी बूथवरून संजयला फोन केला. त्याच्याकडे कॉपी नव्हती. “माझ्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आहे,” तो म्हणाला, “त्यात आई दिसते. पण वरून सगळी गाणी घातलीत. तिचा आवाज नाही त्यात.” शेवटी तो म्हणाला, “आप्पांना तुम्हीच सांगा, मला जमणार नाही.”

सोमवारी मी डिस्क परत बसवली. खरखर कापून टाकली होती. जेवढं होतं त्याची एकेक प्रत दोन फ्लॉप्यांवरही घेतली होती. आप्पा खुर्चीत ताठ बसले. मी फाईल चालवली.

“एवढंच?”

“एवढंच, आप्पा.”

त्यांनी स्वतः माऊस घेतला आणि परत चालवली. मग परत. चौथ्या वेळी ते म्हणाले, “काय बोलू, म्हनती. आन् बोलली हुती की लय.”

मला रडू आलं. मी सर्व्हिसला गेलेल्या घरात कधी रडले नव्हते. आप्पांनीच उठून मला तांब्याभर पाणी दिलं. “तू मुद्दाम केलं न्हाईस,” ते म्हणाले. “माज्या हातनं बी एकदा एक म्हातारी स्टँडवर ऱ्हायली हुती. मी इचारलं हुतं, समदी बसली का. कंडक्टर व्हय म्हनला. ती कानानं बहिरी, हाळी ऐकूच गेली न्हाई.”

मी म्हणाले, “आप्पा, काकू काय काय बोलल्या होत्या ते तुम्हाला पाठ असेल. सांगा, मी लिहून घेते.”

त्यांनी सांगितलं. ब्रेक, माणसं, कराड, लसूण नीट वाळला नाही म्हणून एक तक्रार. मी जॉब कार्डाच्या मागच्या बाजूला सगळं लिहिलं आणि वाचून दाखवलं. आप्पांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“बराबर हाय,” ते म्हणाले. “पर हे तुज्या आवाजात हाय.”

मशीन त्यानंतर तापलं नाही. मी दर दोन-तीन महिन्यांनी जाऊन पंखा साफ करून यायची, न बोलावता. आप्पा चहा करायचे. गेम खेळता का असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “बसतो कवातरी. पर कंडक्टर बिगर गाडी काढू नये, असा नियम हाय आमचा.” तीन वर्षांनी संजय त्यांना पुण्याला घेऊन गेला. पुढं काय झालं मला माहीत नाही.

मी नंतर साताऱ्यात स्वतःचं दुकान काढलं. गिऱ्हाईक मशीनबद्दल काही सांगत असेल तर त्याचं पूर्ण ऐकायचं, आणि सॉफ्टवेअरला हात लावायच्या आधी झाकण उघडायचं, हे माझ्या सगळ्या इंजिनिअर्सना पहिल्या दिवशी सांगते. दुसरी गोष्ट आमच्या जॉब कार्डावर छापलेलीच आहे. ‘डेटा आहे का’ असं विचारायचं नाही. विचारायचं ते असं : यात कुणाचा आवाज, कुणाचा फोटो, कुणाचं पत्र आहे का? गिऱ्हाईक नाही म्हणालं, तरी आपण एकदा फायली उघडून बघायच्या. त्याला पाच मिनिटं लागतात.