रिकामी आहे ना?

बँकेच्या दारावर स्वतःची दुनळी बंदूक घेऊन उभ्या राहणाऱ्या गार्डला सगळे रिकामेकाका म्हणत. काका रिकामे कधीच नसत, पण बंदुकीला हात लावण्याआधी "रिकामी आहे ना?" असं स्वतःलाच मोठ्यानं विचारायचं आणि नळ्यांत डोळा घालून बघायचं, ही त्यांची सवय. ती इतकी अंगवळणी पडली होती की खुर्चीत बसतानाही तोंडातून तेच निघे. बायको म्हणे, "नाही, आत गोळी आहे. बसा आता."

उद्या बंदुकांची तपासणी होती. नळ्यांत जुनं तेल सुकून काळं झालेलं, घोड्याजवळ गंज. तपासणीत बंदूक नापास झाली, तर या वयात काका खरोखरच रिकामे होणार होते.

मेहुण्याचं गॅरेज होतं. तो ब्रेक साफ करायचा स्प्रे घेऊन काकांच्या घरी आला. "दाजी, हा ब्रेकवरची घाण चुटकीसरशी काढतो. तुमच्या बंदुकीचं काय घेऊन बसलात!"

काकांनी डब्यावरच्या आगीच्या लाल चित्रावर बोट ठेवलं.

"आपण काय चूल पेटवतोय का?" मेहुणा हसला.

गॅरेजात तो स्प्रे उघड्यावर मारत असे. इथे मात्र शेजाऱ्यांना बंदूक दिसायला नको, म्हणून काकांनीच खिडक्यांना कड्या घातल्या. "रिकामी आहे ना?" विचारलं, दोन्ही नळ्यांत पाहिलं, काडतुसं कपाटात आहेत याची पुन्हा खात्री केली. आता घाबरण्यासारखं काही उरलं नव्हतं. बायको बाहेर गेली होती, ती यायच्या आत उरकायचं होतं.

मेहुण्यानं सढळ हातानं फवारलं. काळं पाणी वाहू लागलं, लोखंड चकाकलं. काका खूश झाले. मग लाकडी दस्त्यावरचं पॉलिशही साय धरल्यासारखं सुरकुतलं. मेहुण्याचा चेहरा पडला, पण हात थांबेना. उग्र वासानं डोळे चुरचुरले, डोकं जड झालं. वास दाराच्या फटीतून स्वयंपाकघरात गेला, तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

मागचं दार वाजलं. बायको आली होती.

"काय हा वास! डोकं उठलं. चहा टाकते."

पाठोपाठ काडेपेटी खुळखुळली.

काकांच्या डोळ्यांपुढे डब्यावरचं ते लाल चित्र आलं. "थांब!" म्हणायलाही वेळ नव्हता. ते धडपडत उठले, बंदूक खाली आदळली. स्वयंपाकघरात घुसून त्यांनी बायकोच्या मनगटावर झडप घातली. तिच्या चिमटीत काडी होती, काडीचं टोक पेटीच्या कडेला टेकलेलं. काकांनी काडी नि पेटी दोन्ही हिसकावून पाण्याच्या बादलीत बुडवली.

"वेड लागलं का तुम्हाला?"

काकांनी तिला ओढतच अंगणात नेलं. मेहुण्यानं भराभर खिडक्या उघडल्या आणि तोही बाहेर येऊन भिंतीला टेकून बसला. तपासणी, नोकरी, काही म्हणजे काही काकांना आठवत नव्हतं. तिचं मनगट मात्र त्यांनी सोडलं नव्हतं.

भावाच्या हातातला डबा नि त्यावरचं लाल चित्र पाहून तिला आता सगळं उमगलं. तिनं विचारलं, "बंदूक रिकामी होती ना?"

"होती गं. बघितली होती मी."

"आणि खोली?"