चोवीस पाती

माझ्या बाबांना कारखान्यात सगळे कानसेन म्हणत. विजेवर सरळ वर उडणाऱ्या विमानांची पाती तिथे तयार होतात. प्रत्येक पातं फिरवून बघण्याआधी बाबा ते छोट्या हातोडीने टोकापासून बुडापर्यंत ठोकत जायचे. आतले थर नीट चिकटले असतील तर 'टण', कुठे सुटले असतील तर 'भद'. सतरा वर्षं त्यांनी हेच ऐकलं, तेही शेजारच्या खोलीत पाती घोंघावत असताना.

मला कुठलाही आवाज काढता येतो. बाबा जेवायला बसले की मी पाठीमागून तोंडाने टण-टण करायचे नि मध्येच एक भद घुसवायचे. ते मान न वळवता म्हणायचे, "हे बाद. परत पाठव."

त्या रविवारी मी भद केलं. ते जेवत राहिले. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा तर इतकं झकास जमलं की आई ओट्यापासून म्हणाली, "अगं, पुरे."

"सगळी पास," बाबा म्हणाले.

मला हसू आलं. आई मात्र त्यांच्यासमोर येऊन बसली. "अहो, तिने तीन बाद वाजवली."

बाबांचा घास हातातच राहिला. "मला सारखीच वाटली." त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "या आठवड्यात चोवीस पाती पास केलीत मी. त्यातली सहा लावून उद्या माणूस वर जाणार आहे."

"नोकरी जाईल," आई अगदी हळू म्हणाली. ते तिच्या ओठांकडे बघत होते.

"जाईल."

सोमवारी सकाळीच बाबा कारखान्यात साहेबांसमोर उभे राहिले. साहेब नाकातून बोलतात. "म्हणज्ये बघा, शिक्का तुमचा, नि आता म्हणता ऐकू येत नाही? विमान बाहेर काढलंय हो."

"आत घ्या," बाबा म्हणाले.

बाबांच्या हाताखालच्या, सगळे चष्म्या म्हणतात त्या पोराने चोवीसही पुन्हा ठोकली. त्या वेळी बाबा पात्यांकडे नाही, त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो चेहरा दोनदा उतरला. त्या दोन बाद पात्यांतलं एक विमानावर होतं.

बाबांनी खिशातून आपल्या नंबरचा शिक्का काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, गेल्या वर्षभरात पास केलेली पाती कुठे कुठे गेली?

साहेबांनी यादी दिली नाही. बाबांनी घरी बसून आपल्या वह्यांतून उतरवली, चार पानं निघाली. आता रोज यादीतल्या एकेका ठिकाणी फोन ते लावतात, बोलतातही तेच. पलीकडचा काय म्हणतो ते मी ऐकते आणि कागदावर लिहून त्यांच्यापुढे धरते.

काल लिहिलं, 'ती पाती लावलेलं विमान आत्ता वर आहे.'