काचेवरचा पोपट

माझ्या पाठवणीच्या दिवशी मी मोटारीच्या काचेवर थुंकले. तोंडात लग्नाचा विडा, आणि खिडकी म्हणजे भोक एवढीच अक्कल. तोवर कापडी टपाच्या जीपपलीकडे मी कशात बसले नव्हते. लाल ओघळ काचेवरून थेट नव्या शालूवर. मोटार चालवणारे आणि तिच्यावर दारं-खिडक्यांची बंद लाकडी पेटी बांधणारे, दोन्ही शिरपूरचे नाना मिस्त्री. त्यांनी गाडी थांबवली, धोतराच्या सोग्याने काच पुसली आणि जळगावपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

परवा कळलं, ती मोटार विकली जातेय. घेणाऱ्याला ती मूळच्यासारखी उघडी हवी; नानांची सागवानी पेटी तो काढून टाकणार. मग काय, नातीला घेऊन मी जळगावच्या मेहरूणहून निघालेच. एसटी, तापीचा पूल, दोन्हीकडे केळी. चोपड्याला कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा. नात पाणी पीत राहिली, मी हसत राहिले. पुढे उजव्या हाताला सातपुडा.

शिरपूरला नाना मोटारीशेजारीच खाट टाकून बसले होते. नव्वदी पार, मिजास तीच. खानदेशात उघड्या मोटारीला दारं-खिडक्या पहिल्यांदा त्यांनीच लावल्या, हे मी बसायच्या आत सांगून झालं. प्रत्येक काचेवर हिरवा पोपट रंगवलेला. हे कधी, मी विचारलं.

"तुन्हा लगीनना दुसरा दिन."

नातीला हसू आवरेना. नानांचा नातू मात्र गंभीर होता. गिऱ्हाईक उद्या येतंय, पेटी त्याच्या लेखी निव्वळ लाकूड, असं तो सांगत होता. नाना त्याच्याकडे न बघता मला म्हणाले, "धूळ लागनी व्हती का तुले?"

कशाचीही थट्टा करणारी मी, तेव्हा केली नाही. सांगितलं, ट्रकमधलं वऱ्हाड पिठात लोळल्यासारखं उतरलं. सासूबाईंनी माझा पदर झटकला, तर चिमूटभर धूळ निघाली नाही. होता तो डाग माझाच.

नानांनी नातवाला सांगितलं, इंजिन ने, चाकं ने, पेटी खालच्या सांगाड्यासकट अंगणात राहील. मग गिऱ्हाईक येणारच नाही, तो म्हणाला. नानांना ते चालणार होतं.

परतीच्या एसटीत वाटलं, त्या दिवशीच्या त्यांच्या गप्प बसण्याला मी राग समजत आले. नवरी आपल्या डागाचंच दुःख करत बसली; गाडी कशी झाली, हे ऐकायला थांबलेल्या नानांना सांगायचं राहूनच गेलं.

त्याआधी, निघताना नानांनी मला विडा दिला, मागच्या सीटवर बसवलं, स्वतः पुढे बसले आणि हात मागे करून खिडकीचा चामडी पट्टा सैल सोडला. पोपट खाली गेला. माझं तोंड भरलेलं. नाना म्हणाले,

"अक्का, काच खाले करेल शे. आते थूक."